रानवाटेवरून तेलविहिरीकडे

उज्जैनच्या माधवनगराला, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या फ्रीगंजाला, नैसर्गिक वायू आता नवा राहिलेला नाही. रिक्षा त्यावर धावतात, बसगाड्या धावतात, काही घरांत स्वयंपाकही त्यावर होतो. हझीरा-विजयपूर-जगदीशपूर ही मोठी नळवाहिनी झाबुआ आणि गुणा या जिल्ह्यांतून जाते आणि पश्चिम किनाऱ्यावरचा वायू पार उत्तर हिंदुस्थानापर्यंत पोचवते. ती उभारण्यासाठी १९८४ साली ‘गेल’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. नळ उघडला की वायू येतो एवढे आपणांस ठाऊक असते. तो जमिनीतून वर काढण्यासाठी सर्वांत आधी काय करावे लागते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. सर्वांत आधी लागते ती वाट. विहीर पुष्कळदा आडरानात असते आणि पाताळाचा वेध घेणारे अवजड यंत्र तेथवर न्यावयाचे, तर रानातली जुनी गाडवाट तपासून, सुधारून घ्यावी लागते. आजचे भाषण या वाटेविषयी आहे.

हा विषय आपल्या मध्य प्रदेशाला परका नाही. उज्जैनहून चारशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला दमोह जिल्हा आहे. सागर-दमोहचा हा टापू मराठी इतिहासात गोविंदपंत बुंदेल्यांच्या नावाने ओळखीचा आहे, आणि १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूरहून चाले. येथे जबेरा, नोहटा, हटा या भागांत तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने विंध्य खोऱ्यातील खडकांत खोल विहिरी खोदल्या आणि त्यांपैकी काहींत वायू आढळला. हे खडक विलक्षण जुने आहेत. त्यांतील खालचे थर शंभर कोटी वर्षांहूनही प्राचीन होत. जगातील बहुतेक खनिज तेल आणि वायू याहून पुष्कळ तरुण खडकांत सापडतो. म्हणूनच हटा भागातील वायूने, विंध्य खोरेही एक दिवस उत्पादक खोऱ्यांच्या मालिकेत बसेल, अशी आशा निर्माण केली. याच दमोहचा काही भाग सागर आणि नरसिंहपूर जिल्ह्यांसह वीरांगना दुर्गावती व्याघ्र प्रकल्पात आहे. तो प्रकल्प २०२३ साली घोषित झाला. एकाच जिल्ह्यात वर वाघ आणि खाली वायू, असा हा योग आहे.

आणखी पूर्वेला शहडोल जिल्ह्यात वेगळा प्रकार दिसतो. तेथे दगडी कोळशाच्या थरांत अडकलेला वायू काढतात. २०१७ साली तेथे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि शहडोलहून उत्तर प्रदेशातील फूलपूरपर्यंत ३०२ किलोमीटर लांबीची नळवाहिनी गेली. अशा वायूसाठी एकदोन खोल विहिरींनी भागत नाही. उथळ विहिरी पुष्कळ लागतात. शहडोलच्या क्षेत्रात त्या दोनशेहून अधिक आहेत. प्रत्येक विहिरीला आपली छोटी वाट हवी, आणि या वाटांचे जाळे शेत, रान आणि वस्ती यांच्या मधून विणले जाते.

आता प्रथम हे पाहू की, या वाटेवरून जाणार तरी काय. खोदाईचे यंत्र एका गाडीत मावत नाही. ते सुटे करून पन्नास-साठ किंवा त्याहूनही अधिक खेपांत न्यावे लागते. आडवा ठेवलेला उंच मनोरा, दोर गुंडाळणारे प्रचंड रहाट, चिखल ढकलणारे पंप, वीजयंत्रे, लोखंडी टाक्या हे सारे त्यात आले. यांतील काही नग एकेकटे वीस-पंचवीस टनांचे भरतात. त्यामागून नळ्यांच्या राशी, सिमेंट, इंधन, पाण्याचे टँकर आणि कामगारांच्या राहुट्यांच्या खोल्या येतात. काम संपले की हेच लटांबर त्याच वाटेने परत निघते.

या गाड्यांचे ओझे रस्त्याला कसे बाधते, याचा एक जुना आणि विख्यात प्रयोग आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून कमीअधिक भाराचे ट्रक अहोरात्र फिरविण्यात आले. त्यावरून असे दिसले की, आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुपटीने नव्हे, तर सुमारे सोळा पटीने वाढते. शाळेतील मुलांनाही हे गणित सोडविता येईल, कारण दोनाचा चौथा घात सोळा. पाच टनांच्या आसाची गाडी सोळा वेळा गेली म्हणजे जी झीज होते, ती दहा टनांच्या आसाची गाडी एका फेरीत करते. आपल्या देशात २०१८ साली चार चाकांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली. ट्रॅक्टर-ट्रॉली आणि दिवसातून दोनदा येणारी बस एवढ्यांसाठी केलेल्या खेड्याच्या सडकेवर असे आस शेकडो वेळा गेले, तर दहा वर्षांचे आयुष्य एका हिवाळ्यात संपावयाचे.

येथेच प्रश्न माणसांचा होतो. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. तिच्यामुळे हजारो खेड्यांना पहिल्यांदा पक्की सडक मिळाली. या सडकेचा डांबरी पट्टा सामान्यतः पावणेचार मीटर रुंदीचा असतो. अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी, मुलांना पुढच्या शाळेत पोचविणारी, भाजीपाला बाजारात नेणारी तीच एक वाट असते. तेलविहिरीकडे जाणारे ट्रेलर पहिले काही कोस बहुधा याच सडकेने जातात आणि मग रानात वळतात. म्हणून परीक्षण करावयाचे ते केवळ जंगलातल्या तुकड्याचे नव्हे. डांबरी महामार्ग सोडल्यापासून विहिरीच्या ओट्यापर्यंतची संपूर्ण वाट तपासली पाहिजे.

हे परीक्षण कसे करतात? पहिली पाहणी पायी व्हावी, कारण मोटारीतून पाहणाऱ्याला खड्डे तेवढे दिसतात. चालत जाणाऱ्याला चर बुजलेले दिसतात, मोरीच्या तोंडाशी अडकलेला पाचोळा दिसतो, पाणी कोठून कोठे जाते ते कळते आणि भेटणाऱ्या गुराख्याला विचारताही येते की, श्रावणात येथे किती पाणी असते. हा गुराखी कोणत्याही नकाशाइतकाच भरवशाचा असतो.

दुसरी गोष्ट जमिनीची ताकद. यासाठी एक साधे उपकरण आहे. टोकाला शंकू असलेली लोखंडी सळई जमिनीवर उभी धरतात आणि आठ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटर उंचीवरून तिच्यावर पुनःपुन्हा सोडतात. प्रत्येक ठोक्याला सळई किती रुतली याची नोंद ठेवतात. फार रुतली तर माती दुबळी, थोडी रुतली तर माती घट्ट. याशिवाय मातीचा नमुना चार दिवस पाण्यात भिजवून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. चार दिवस भिजविण्यामागे मोठे शहाणपण आहे. उन्हाळ्यातली माती सर्वांनाच फसविते. माळव्यातील काळी माती वैशाखात दगडासारखी टणक असते आणि आषाढात लोण्यासारखी मऊ. पाणी प्यायली की ती फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्यावर थेट टाकलेली खडी दोन पावसाळ्यांत तिच्या पोटात गडप होते. म्हणून वाटेची परीक्षा तिच्या सर्वांत वाईट दिवसाला धरून घ्यावयाची असते.

तिसरी गोष्ट पूल आणि मोऱ्यांची. साखळी आपल्या सर्वांत दुबळ्या कडीइतकीच बळकट, तशी वाट आपल्या सर्वांत जुन्या मोरीइतकीच. प्रत्येक मोरीचा गाळा, तिच्या नळांवरील मातीची जाडी, फरशी पुलाच्या भिंतींना गेलेले तडे यांची नोंद हवी. चौथी गोष्ट वळणांची, चढांची आणि उंचीची. मैदानी मुलखात ३० मीटरला एक मीटर हा नेहमीचा चढ मानतात आणि अगदी नाइलाज असेल तेथे पंधराला एक. लांबलचक ट्रेलर वळताना त्याची मागील चाके आतल्या बाजूला ओढली जातात, म्हणून वळणावर रस्ता आतून रुंद लागतो. मनोरा वाहणाऱ्या गाडीला विजेच्या तारा आणि झाडांच्या फांद्या आडव्या येतात. कोणती तार उचलावयाची आणि कोणती फांदी छाटावयाची, हे आधी ठरलेले असले म्हणजे ऐन वेळी दिसेल त्या झाडावर कुऱ्हाड चालत नाही.

परीक्षण झाले की सुधारणा. तिचा क्रमही महत्त्वाचा आहे. सामान्य समजूत अशी की, रस्ता सुधारणे म्हणजे खडी-डांबर टाकणे. वस्तुतः रस्त्याचा खरा वैरी पाणी होय. म्हणून प्रथम पाण्याची सोय लावतात. रस्त्याला मध्ये उंचवटा आणि कडांना उतार, दोन्ही अंगांना चर, आणि ठराविक अंतरावर चरातील पाणी रानात पसरविणाऱ्या आडव्या वाटा, एवढे केले तर साधा मुरमाचा रस्ताही तग धरतो. चरातील पाणी थेट ओढ्यात सोडले तर रस्त्याची धूप गाळ होऊन ओढ्यात जाते, आणि गावाचा पाणवठा गढूळ होतो. काळ्या मातीत शेकडा तीन ते पाच या प्रमाणात चुना मिसळला की तिचे फुगणे कमी होते. मऊ जमिनीवर विणलेले मजबूत कापड अंथरून त्यावर खडी टाकतात, म्हणजे खडी खाली रुतत नाही. काम थोड्या महिन्यांचेच असेल तर लाकडाच्या किंवा लोखंडाच्या जाड चटया पसरून काम झाल्यावर उचलून नेता येतात. वाट तात्पुरती राहावी असे खरोखर मनात असेल, तेथे हा उपाय उत्तम.

मुरूम आणि खडी कोठून आणावयाची, हाही लहान प्रश्न नव्हे. जवळच्या टेकडीला खणून मुरूम काढणे स्वस्त पडते, परंतु त्यामुळे रानाला दुसरी जखम होते. बाहेरच्या परवानाधारक खाणीतून आणावा, तर त्याच्याबरोबर तणाचे बी येते. गाजरगवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्याजवळ प्रथम नजरेस आले आणि तेथून देशभर सडकांच्या कडेकडेने पसरले, हे मराठी शेतकऱ्याला सांगावयास नको. म्हणून जंगलात शिरण्यापूर्वी गाड्यांची चाके धुण्याची सोय ठेवणे हा चोखंदळपणा नसून जरुरीची खबरदारी आहे.

आता या सगळ्याचा हिशेब रानाच्या बाजूने मांडू. विहिरीच्या ओट्याला साधारणपणे एक ते दोन हेक्टर जागा लागते. पण त्या ओट्यापर्यंत दहा किलोमीटर वाट असेल आणि चर, कडा धरून तिची रुंदी दहा मीटर केली, तर दहा हेक्टर जमीन वाटेतच जाते. विहिरीपेक्षा वाटच अधिक रान खाते. शिवाय हे रान चौकोनी तुकड्याने जात नाही. ते लांब पट्ट्याने जाते, आणि त्या पट्ट्याने अरण्य दुभंगते.

दुभंगणे म्हणजे काय, हे आसामातील जोरहाट जिल्ह्यात पाहावे. हुलूक गिबन हा भारतातील एकमेव कपिवंशीय प्राणी. हुल्लोंगापार येथील त्याचे अभयारण्य सुमारे २१ चौरस किलोमीटरांचे आहे आणि त्याच्या मधून इंग्रजी अमदानीतला एक लोहमार्ग जातो. हा प्राणी झाडावरच राहतो, फांदीवरून फांदीवर झुलत जातो आणि जमिनीवर सहसा उतरत नाही. लोहमार्गाच्या दोन्ही अंगांच्या फांद्या जेथे भिडत नाहीत, तेथे त्याच्या दृष्टीने जग संपते. माणसाला चार पावलांत ओलांडता येणारी मोकळी पट्टी त्याच्या कळपांना पिढ्यान्पिढ्या अलग ठेवू शकते. याच अभयारण्याच्या परिसरात तेलाच्या शोधविहिरीसाठी सुमारे साडेचार हेक्टर वनजमीन मागण्यात आली, तेव्हा २०२४ साली तो देशभर चर्चेचा विषय झाला. क्षेत्र लहान होते. पण क्षेत्रफळ सांगितले म्हणजे सर्व सांगितले असे होत नाही, हे त्या चर्चेने दाखविले.

रानाच्या तेलाचा आपला इतिहासही आसामातच सुरू होतो. १८६७ साली माकूम येथे यांत्रिक खोदाईने तेल लागले. १८८९ साली दिगबोईच्या घनदाट अरण्यात विहीर खोदण्यास प्रारंभ झाला, आणि रेल्वे बांधणाऱ्या कंपनीच्या हत्तींचे नाव त्या कथेशी कायमचे जोडले गेले. त्या काळी रान अफाट होते आणि वाट चिमुकली. आज हे प्रमाण उलटले आहे.

आसामानेच या विषयाची दुसरी बाजूही शिकविली. २७ मे २०२० रोजी तिनसुकिया जिल्ह्यातील बाघजान येथील विहिरीतून वायू अनावर होऊन उसळू लागला. ९ जूनला त्याने पेट घेतला. आग विझविणारे दोन जवान प्राणांस मुकले, हजारो लोकांना घरे सोडावी लागली, आणि विहीर पूर्णपणे ताब्यात यावयास १५ नोव्हेंबर उजाडावा लागला. विहिरीत दाबाखाली नळ्या उतरविणारे अवजड यंत्र कॅनडातून विमानाने कोलकात्यास आणून पुढे रस्त्याने आसामात न्यावे लागले. जवळच डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आणि मागुरी-मोटापुंग ही पाणथळ जागा आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वाट तपासताना यंत्र आत कसे जाईल एवढेच पाहून भागत नाही. आगीचे बंब कोठून येतील, पाणी कोठून घेतील, आणि त्याच वेळी गावकरी कोणत्या वाटेने बाहेर पडतील, हेही कागदावर आधी उतरले पाहिजे. एकच अरुंद वाट असेल, तर बंब आत येणार आणि बैलगाडी बाहेर जाणार ती समोरासमोरच येतात.

वाट एकदा झाली की तिच्यावरून कोण जाईल, हे बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरच्या अरण्यात १९६७ साली तेल लागले आणि तेलासाठी काढलेल्या सडकांच्या दुतर्फा वसाहतवाले आले, झाडे तुटली, शेते उभी राहिली. पुढे यासुनीच्या अरण्यात १९९० नंतरच्या दशकात बांधलेल्या एका तेलसडकेवर नाके बसवून बाहेरच्यांना अटकाव करण्यात आला. तरीही सडकेने ये-जा सोपी झाली आणि रानातील शिकारीचे मांस बाजारात जाऊ लागले. कॅनडातील अल्बर्टाच्या अरण्यात शोधासाठी कापलेल्या सरळ पट्ट्यांवरून लांडगे वेगाने फिरू लागले आणि कॅरिबू जातीच्या हरणांवर संकट आले. उलट पेरूमधील कामिसिया येथे वायूचे क्षेत्र सडकेने बाहेरच्या जगाशी जोडावयाचे नाही असे ठरले, आणि माणसे व सामान नदीने आणि हेलिकॉप्टरने नेण्यात आले. खर्च वाढला, पण काम झाले. म्हणजे वाट हवीच का, हा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर कधी ‘नको’ असेही येऊ शकते. आज तिरकस खोदाईचे तंत्र इतके प्रगत झाले आहे की, रानाबाहेर यंत्र उभे करून काही किलोमीटर आतल्या खडकापर्यंत पोचता येते. परीक्षणाच्या पहिल्याच पानावर हा पर्याय तपासला गेला पाहिजे.

कायदा काय म्हणतो? १९८० च्या वनसंरक्षण कायद्याप्रमाणे वनजमीन अन्य कामासाठी वापरावयाची तर केंद्र सरकारची मान्यता लागते. जुन्या वनरस्त्याची आहे त्या रुंदीत केलेली सुधारणा वेगळी आणि नवी जमीन घेऊन केलेले रुंदीकरण वेगळे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाच्या गरजेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमिनीतून रस्ता काढण्याची मुभा आहे. हेक्टरी पंचाहत्तरांहून अधिक झाडे तोडावयाची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, अशा तिच्या अटी आहेत. ही सवलत गावाच्या रस्त्यासाठी आहे, तेलविहिरीच्या रस्त्यासाठी नव्हे. हा भेद ग्रामसभेतील प्रत्येकाला माहीत असावयास हवा. मध्य प्रदेशात अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना बळ देणारे ‘पेसा’ नियम १५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाले, आणि त्याचा सोहळा शहडोल येथेच झाला. ज्या जिल्ह्यात वायूच्या विहिरी आहेत, तेथील ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार आहे, ही मोठी गोष्ट आहे. मात्र तिच्यापुढे ठेवावयाचे कागद तिला समजतील अशा भाषेत असले पाहिजेत.

ग्रामसभा बोलली तर काय सांगेल? ती सांगेल की, चैत्रात पहाटे बायका मोहाची फुले वेचावयास याच वाटेने जातात, तेव्हा ट्रेलर उजाडल्यावर सोडा. ती सांगेल की, तेंदूपानांच्या हंगामात दुपारी वाटेवर पानांच्या गठ्ठ्यांसह मुले बसलेली असतात. ती सांगेल की, शाळा सुटण्याच्या वेळी अर्धा तास गाड्या थांबवा, आणि पावसाळ्याचे चार महिने जड वाहतूक बंद ठेवा. रात्रीची वाहतूक तर रानासाठीही बंद असावी. कर्नाटकातील बंडीपूरच्या अरण्यातून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहापर्यंत अशी बंदी आहे. नागपूरहून सिवनीकडे जाताना पेंचच्या रानात महामार्ग उंच उचलून खालून जनावरांना वाट दिली आहे, आणि त्या वाटांनी वाघही जाऊ लागले आहेत. जेथे इच्छा असते, तेथे स्थापत्यशास्त्र मागे राहत नाही.

शेवटचा प्रश्न हा की, विहीर संपल्यावर वाटेचे काय? शोधविहिरींपैकी पुष्कळ कोरड्या निघतात. यंत्र निघून जाते आणि रुंद केलेली वाट मागे राहते. तिची निगा कोणी राखावयाची हे ठरलेले नसेल, तर चर बुजतात, पाणी रस्त्यावरून वाहते, दोन वर्षांत तिची घळ होते, आणि तोवर लाकूडचोराला ती पाठ झालेली असते. येथे दोनच सरळ मार्ग आहेत. एक तर घट्ट झालेली जमीन नांगरून सैल करावी, मोऱ्या काढून ओढे मोकळे करावेत, तोंडाशी मोठे दगड रचावेत आणि तेथल्याच जातीची झाडे लावून वाट रानाला परत द्यावी. किंवा गावाला ती खरोखर हवी असेल, तर नीट करून, निगेच्या खर्चाच्या तरतुदीसह गावाच्या स्वाधीन करावी. आणि येताना वापरलेली ग्रामसडक, ती कशी होती याची पहिल्या दिवशीची छायाचित्रे पुढे ठेवून, तशी किंवा तीहून चांगली करून द्यावी. हे निर्णय अखेरीस घ्यावयाचे नसतात. पहिला मुरूम पडण्यापूर्वी ते लिहिले जावेत आणि त्यांच्यासाठी पैसा बाजूला काढला जावा, कारण कोरड्या विहिरीकडे परत येऊन खर्च करण्याची हौस कोणाला नसते.

श्रोतेहो, २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनचे रस्ते रुंद होताना नागरिक पाहत आहेत. तेथे निदान प्रत्येकाला बोलता येते, वर्तमानपत्रांत लिहिता येते. दमोहच्या किंवा शहडोलच्या रानातील वाट रुंद होते, तेव्हा पाहणारे थोडे असतात. देशाला वायू हवा आहे, आणि तो आपल्या भूमीतून मिळाला तर परदेशी जाणारा पैसा वाचेल, हेही खरे. पण चूल पेटविणाऱ्याने लाकूड कोठून आले हे विचारावे, ही आपल्या घराघरांतली जुनी शिकवण आहे. चुलीतले इंधन बदलले म्हणून विचारण्याची जबाबदारी बदलत नाही. ज्या गावच्या सडकेवरून आपला वायू येईल, त्या गावाची बाळंतीण दवाखान्यात वेळेवर पोचते की नाही, याचे उत्तर त्या वाटेच्या कागदांत असले पाहिजे, आणि ते मागण्याचा अधिकार फ्रीगंजातील ग्राहकालाही आहे.